सगुणाताईची आखूड कुऱ्हाड

बातमी आणली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता एस.टी.त कंडक्टर आहे आणि पोलादपूरकडची फेरी घेऊन महाडला येतो. त्या दिवशी गाडी स्टँडवर लागल्याबरोबर तो तसाच खाकी कपड्यांत शाळेत आला, वर्गाच्या दाराबाहेर वहाणा काढल्या आणि खांद्यावरचा चामडी पट्टा सारखा करत म्हणाला, “बाई, सगुणाकाकी गेली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ताप भरला, चौथ्या दिवशी आटोपलं.” मी हातातला खडू खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघून त्याला काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं असणार. तो म्हणाला, “सुटली बिचारी. एकटी बाय, किती दिस काढनार व्हती?” त्याचा दोष नाही. असं म्हणायची रीत आहे आणि मुलगा भला आहे. पण मी त्याला तिथेच उभा ठेवून विचारलं, “कशातून सुटली रे? तिला कोणी बांधून ठेवलं होतं?” तो गोरामोरा झाला, नमस्कार केला आणि गाडी सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेला. मी पुढचा तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

त्यानंतर भेटेल तो मला हेच ऐकवतो आहे. बिचारी. पोर ना बाळ, बिचारी. नवरा मुंबईत गेला, बिचारी. माझी सख्खी वहिनीसुद्धा परवा म्हणाली, “तुमची ती लाकडं फोडणारी बिचारी गेली म्हणे.” म्हणून हे लिहायला बसले. सगुणाताईला अक्षरओळख नव्हती, तिचा फोटो कोणी कधी काढला नाही, आणि तिच्यावर कोणी लिहील असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. पण बारा वर्षं मी तिला ओळखत होते आणि त्या बारा वर्षांत ती एक दिवससुद्धा बिचारी नव्हती. हे मला ठणकावून सांगायचं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पान उलटावं.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या तीन-चार वर्षं आधी माझी नेमणूक पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडच्या एका गावी झाली. गावाचं नाव देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं अजून तिथे नांदताहेत. मी महाडच्या पांढरपेशा घरातली, वय बावीस, लग्न ठरत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला ते ठरायलाही नको होतं. गावात बाई मास्तरीण पहिल्यांदाच आलेली. तिला ठेवायची कुठे यावर गावकीत बराच खल झाला. सगळे एकमेकांकडे बघत असताना देवळाच्या पायरीखालून एक बाई म्हणाली, “माजी पडवी रिकामी हाय. मास्तरनीला हितं आना.” ती सगुणाताई. उंच, हाडापेराने भक्कम, पस्तिशीची. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो छातीच्या आजाराने तिकडेच वारून वर्ष झालं होतं. घराचे दोन भाग. एकात ती, दुसऱ्यात थोरला दीर धोंडजी आणि त्याची बायको यमुना. मधे एक कुडाची भिंत. पडवी देण्यात तिचा एक हिशेब होता हे मला मागाहून कळलं. घरात मास्तरीण राहते म्हटल्यावर त्या घराची चूल कोणी सहजासहजी विझवू शकणार नव्हतं.

कारण धोंडजींना तिची चूलच नको होती. माणूस तसा वाईट नव्हता, तोंडाने गोड होता, पण त्याचं गणित पक्कं होतं. त्या बाजूला चूल वेगळी तर शेताचा वाटा वेगळा, आणि चूल एक झाली की वाटाही आपसूक बुजतो. सगुणाताईच्या वाट्याला ओढ्याकाठचं भाताचं एक खाचर आणि डोंगरउतारावरचा नाचणीपुरता वरकस तुकडा होता. ते खाचर धोंडजींच्या शेताला अगदी खेटून. भावजयीने आपल्यात येऊन जेवावं, दोन भाकऱ्या खाव्यात, पडेल ते काम करावं आणि बांध मोडून टाकावा, एवढंच त्यांचं म्हणणं. हे ते इतक्या मायेने बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, किती हा थोर मनाचा दीर. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटलं, हे कबूल करते.

शिमगा झाला की त्या गावात पावसाळ्याची फाटी फोडायला घेत. फाटी म्हणजे सरपण. थंडीत तोडून आणलेले ओंडके अंगणात पडलेले असत आणि गावातले पुरुष कुऱ्हाडी घेऊन पाळीपाळीने एकेका अंगणात उतरत. आज याचा वार, उद्या त्याचा. ज्याचा वार त्याने जेवण घालायचं. विधवेच्या अंगणालाही वार मिळे, तो कधी कोणी चुकवला नव्हता. त्या वर्षी सगुणाताईच्या अंगणात ऐनाचे आणि किंजळाचे ओंडके येऊन पडले होते. तिने फोडायला येणाऱ्यांसाठी तांदूळ निवडून ठेवले. पुरुष शेजारच्या अंगणातून निघाले आणि तिचं अंगण ओलांडून पलीकडच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिने बांधावर उभं राहून विचारलं, “भावजी, माजा वार कंदी?” धोंडजी हसून म्हणाले, “आवंदा तुजा वार नाय गो. दोन चुली कशाला पेटवायच्या? आमच्यात ये जेवायला.” बाकीचे खाली बघत होते. धोंडजींनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मृगाच्या आत फाटी फुटून आडोशाला गेली नाही तर चार महिने चूल पेटत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे तिला कोणी घराबाहेर काढत नव्हतं. फक्त तिची लाकडं कोणी फोडणार नव्हतं.

मला वाटलं, ती रडेल. ती आत आली, निवडलेले तांदूळ परत मडक्यात ओतले आणि म्हणाली, “बाई, मला कुऱ्हाड पायजे.” घरात कुऱ्हाड नव्हती. नवऱ्याची होती ती धोंडजींनी दिवस झाल्याबरोबर नेली होती, हत्यार पुरुषाच्या घरात असावं म्हणून. बायकांच्या हाती कोयता. कोयत्याने काटक्या तोडाव्यात, डहाळ्या छाटाव्यात, पण कुऱ्हाड बाईने उचलायची नाही, हा तिथला अलिखित कायदा. मी तरुण होते, रागावले होते, आणि मला शिकलेली असल्याचा तोरा होता. रविवारी महाडला गेले आणि बाजारपेठेतल्या दुकानातून एक झकास हातकुऱ्हाड घेऊन आले. लाल रंगवलेला दांडा, चकचकीत पातळ पातं, धार अशी की कागद कापावा. सगुणाताईने ती हातात तोलून बघितली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. सकाळी अंगणात ऐनाच्या ओंडक्यावर पहिला घाव घातला. पातं निम्मं आत गेलं आणि तिथेच रुतून बसलं. ती ओढते आहे, मी ओढते आहे, आणि बांधावरून जाणारे दोघं-तिघं थांबून बघताहेत. अखेर दांडाच मोडून हातात आला. धोंडजी त्यांच्या ओटीवरून म्हणाले, “मास्तरनीबाय, हे काय फळा पुसण्यासारखं नाय.” हशा झाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सगुणाताई मात्र हसली नाही आणि चिडलीही नाही. ओंडक्यावर बसून तिने मला समजावलं, जसं मी वर्गात पोरांना समजावत असे. “ही डहाळी तोडायची कुऱ्हाड. ही आत शिरती. फोडायची जी असती ती आत कमी शिरती, लाकडाला बाजूला सारती. तिच्या पात्याचे गाल जाड लागतात.” तिला हे कसं माहीत, असं मी विचारलं. तिचं माहेर उमरठच्या बाजूचं. घरात पाच बहिणी, भाऊ नाही, आणि बापाला आकडीचा आजार. “मंग फाटी कोन फोडनार व्हतं? आमी फोडली. सासरी आल्यावर विसरल्यासारखं केलं, इतकंच...” नवरा असेपर्यंत तिने हातातली कला झाकून ठेवली होती. ती लाज वाटून नव्हे. नवऱ्याला चारचौघांत कमीपणा नको म्हणून.

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही दोघी चालत पोलादपूरला गेलो. तिथे एक लोहार गोणपाटावर नुसती पाती मांडून बसायचा, दांडा ज्याचा त्याने घालायचा. नवी, घासलेली पाती पुढे, आणि मागे एक ढीग होता बिघडलेल्या, मोडीत जायच्या मालाचा, मातीमोलाचा. सगुणाताई पुढची पाती ओलांडून थेट मागच्या ढिगाशी जाऊन बसली. एकेक पातं उचलायचं, दांडा बसायच्या नेढ्यातून सूर्याकडे बघायचं, भोक सरळ आहे की तिरकं ते पारखायचं. मग दोरीला टांगून खड्याने टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायचं. बद्द वाजलं की बाजूला. आत चीर असली की लोखंड तसं वाजतं म्हणे. अर्धा तास हे चाललं. लोहार वैतागून म्हणाला, “बाय, सून बघतेस का पातं?” ती म्हणाली, “सून वाईट निघाली तर माहेरी धाडता येती.” शेवटी तिने जे निवडलं ते त्या ढिगातलं सर्वांत कुरूप. जाड, बुटकं, आणि धारेचा एक कोपरा उडालेला. लोहार म्हणाला, हे मी वितळवायला काढलं होतं. तिने ते त्याच्यापुढे धरून सांगितलं, दुसराही कोपरा एवढाच उडव, धार अरुंद कर, आणि गालांना हातोडा लावू नकोस. त्याने वर बघून विचारलं, “वापरनार कोन?” ती म्हणाली, “तू पात्यापुरतं बघ.” त्याने भट्टीत घालून मुकाट्याने तसं केलं. कडेला उभा असलेला एक म्हातारा मान हलवत होता, ती नापसंतीने की कौतुकाने, मला कळलं नाही.

घरी चुलीवरच्या माळ्यावर धामणीच्या झाडाची एक काठी धूर खात पडली होती. धामण लवचीक, घाव बसला की हाताला झिणझिण्या कमी येतात. तिने ती कोयत्याने तासली, फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडली, करंजाचं तेल तीन दिवस मुरवलं. दांडा गोल नाही ठेवला, थोडा चपटा ठेवला, म्हणजे मुठीला न बघता कळावं की धार कुठल्या तोंडाला आहे. वरच्या टोकाला जाड आणि खाली निमुळता. नेढ्यात तो वरून घातला, की प्रत्येक घावाला पातं आणखी घट्ट बसावं. मुठीच्या जागी जुन्या लुगड्याचा काठ ओला करून घट्ट गुंडाळला. आणि लांबी केली पुरुषांच्या दांड्याच्या जेमतेम निम्मी. मी म्हटलं, “अहो, एवढ्याशा दांड्याने जोर कसा येणार?” तिने गोणपाटाची घडी जमिनीवर टाकली, त्यावर एक गुडघा टेकला आणि बसून घाव घातला. लुगडं नेसून उभ्याने कुऱ्हाड फिरवायची तर पायाला धोका. गुडघ्यावर बसलं की घाव चुकला तरी जमिनीत जातो. ओंडक्याच्या मधोमध ती कधी मारत नसे. कडेकडेने ढलप्या काढत आत जायची. गाठ दिसली की तो ओंडका फिरवून घ्यायची. खट् असा कोरडा आवाज येई आणि लाकूड आपण होऊन उघडल्यागत दोन बाजूंना पडे. मी अंगणात बसून पोरांचे पेपर तपासत असे आणि तो आवाज ऐकून मला विलक्षण आनंद होई. सूड उगवल्याचा आनंद होता तो, आणि मला त्याची शरम वाटत नाही.

रोज उजाडता ती बसे आणि ऊन चढलं की शेताला जाई. जाणारे-येणारे बोलत. “सगुणावैनी, बोट तुटंल.” ती खाली मान घालून म्हणे, “माजंच तुटंल.” यमुनावहिनी कुडाच्या फटीतून बघत असत. नवऱ्याने त्यांना जावेशी बोलायला बंदी केली होती. त्या साध्या, दबून असलेल्या, पंधरा वर्षं त्या घरात मान वर न केलेल्या. पाणी भरायला जाताना माझ्याशीही डोळ्यांनीच बोलायच्या. चैत्र संपायच्या आत पडवीच्या भिंतीला छातीभर उंच फाटी लागली, एकावर एक, सरळ ओळीत. धोंडजींनी मग शेवटचा उपाय केला. गावकीत गाऱ्हाणं घातलं की विधवा बाई कुऱ्हाड चालवते, हे गावाला चांगलं नाही.

गावकीने तिला देवळात बोलावलं. तिने उलट निरोप धाडला, मला काम आहे, तुम्हीच या. आणि कशामुळे कोण जाणे, पाच म्हातारे खरोखर आले. मी पडवीत उभी होते. ती खाली गोणपाटावर बसली होती. मुख्य म्हाताऱ्याने रचलेली फाटी बघितली, हात लावून बघितली. धोंडजी म्हणाले, “बारीकसारीक तर कोन पन फोडंल. हा बुंधा फोडून दाखव म्हनावं.” कोपऱ्यात ऐनाचा एक बुंधा पडला होता, नुसत्या गाठीच गाठी. गावातल्या कुठल्याही पुरुषाने त्याला हात लावला नसता. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही उठणार आणि फोडणार... ती उठली नाही. म्हणाली, “तो मी नाय फोडनार. मला चूल पेटवायची हाय, जत्रा नाय भरवायची. तो बसायला ठेवलाय. बसा, भावजी.” एक म्हातारा फिसकन हसला. मुख्य म्हातारा त्या बुंध्यावर स्वतःच जाऊन बसला, तंबाखू मळली आणि धोंडजींना विचारलं, “तुजी फाटी झाली काय रे फोडून?” त्यांची झाली नव्हती. गावभर दुसऱ्यांचे वार ठरवण्यात त्यांचे स्वतःचे ओंडके निम्मे तसेच पडले होते. म्हातारा म्हणाला, “मंग घरी जा आनि फोड. हिची चूल हाय तशी ऱ्हाऊं दे.” यापलीकडे निवाडा झाला नाही. त्या पावसाळ्यात आंबेनळीकडून ढग उतरून आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही, आणि आमच्या घरातून रोज दोन वेळा धूर निघाला.

मी तिथे पाच वर्षं राहिले. नंतर बदली होऊन महाडला आले तेव्हा माझ्या भावांनीही मायेनेच सांगितलं की एकटीने वेगळं कशाला राहायचं, आमच्यात ये. शब्द अगदी तेच होते. मी दोन खोल्या घेतल्या आणि स्टोव्ह मांडला. त्यावर नातेवाइकांत जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यांच्यापैकी बरेच जण हे वाचतील, तर त्यांना सांगते, ते धैर्य माझं नव्हतं. मी ते एका निरक्षर बाईच्या अंगणात बसून शिकले. सगुणाताई वर्षातून एकदा महाडला यायची, पडवळं नाहीतर कुळीथ घेऊन. गेल्या दिवाळीनंतर आली ती शेवटची. खोकत होती. मी म्हटलं, यंदा फाटी कोणाकडून तरी फोडून घ्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

तेराव्याला मी गेले नाही. धोंडजींच्या हातचं तेराव्याचं जेवण माझ्या घशाखाली उतरलं नसतं. दुसऱ्या दिवशी गेले. अंगणात निम्मे ओंडके फुटलेले, निम्मे तसेच. धोंडजी आता थकले आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. मला बघून त्यांनी डोळे पुसले, आणि ते अश्रू खोटे होते असं मी म्हणणार नाही. म्हणाले, “लय जिद्दीची व्हती. आता ही खोली गोठ्याला जोडतो. चूल खनून काढायची तेवढी ऱ्हायली.” कुदळ त्यांच्या हातातच होती. आम्ही तिच्या खोलीच्या दाराशी गेलो. चुलीपुढे यमुनावहिनी बसल्या होत्या. चूल पेटली होती आणि वर भाताचं भांडं होतं.

धोंडजी म्हणाले, “ऊठ. खनायची हाय.”

“भात शिजतोय,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी बारा वर्षांत इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

“मंग उद्या खनू.”

“उद्या पन शिजंल.”

त्यांनी कुदळ या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “आन् पावसात काय जाळशील? निम्मी लाकडं तशीच पडलीत. कोन फोडनार?” भांडं उतरवायला यमुनावहिनींनी पदर हातावरून मागे सारला, तेव्हा मला त्यांचे दोन्ही तळवे दिसले. चिंध्या बांधलेल्या होत्या आणि त्यांच्या कडेने ताजे फोड दिसत होते, कुऱ्हाडीचा दांडा धरून येतात तसे. धोंडजींना ते दिसले की नाही, मला सांगता येणार नाही. ते कुदळ घेऊन तसेच दारात उभे होते. मी त्यांच्या बाजूने वाट काढून आत गेले, भिंतीला टेकवलेला पाट ओढून चुलीसमोर टाकला, आणि बसून म्हटलं, “यमुनावहिनी, मला वाढा.”